हॉट प्रेसमधली बादली

९ सप्टेंबर, मंगळवार

सून घरात दारू करते.

आत्ताच बघितलं. टॉवेल घ्यायला जिन्यावरचं कपाट उघडलं. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्यात असते ते हॉट प्रेस. सगळ्या घरात तेवढी एकच जागा ऊबदार, म्हणून टॉवेल-चादरी तिथंच. आत खालच्या फळीवर मोठी पांढरी बादली. घट्ट झाकण. झाकणात वाकडी नळी, नळीत पाणी, आणि ते पाणी आपोआप बुडबुड करतंय. मला वाटलं टाकी फुटायला आली. मी जोरात ओरडले. मेधा घरनंच चालू असलेल्या ऑफिसच्या मीटिंगमधनं तशीच कानात ते घालून पळत आली.

"आई, घाबरू नका. काही नाही, बिअर आहे."

"कुणाची?"

"माझी."

माझी! तोंड वर करून. मी म्हणलं, माझ्या राजसला माहीत आहे का? तर म्हणे त्यानंच शिकवली, लॉकडाऊनमध्ये दोघांनी मिळून सुरू केली. आता तो करत नाही, ती करते. कायद्यानं चालतं म्हणे, घरी प्यायला केली तर. आमच्या कराडला गल्लीत अशी बादली सापडली असती तर पोलीस जीप घेऊन आले असते आणि सगळी आळी बघायला.

ही डायरी पण मेधानंच दिली, तिच्या ऑफिसात फुकट आलेली. मी सातवी शिकलेली, मला कशाला डायरी? पण इथं आयर्लंडात, नासमध्ये बोलायला कुणी नाही. शेजारची बाई रोज "ग्रँड डे" म्हणते, पाऊस असला तरी. तिला काय सांगणार, माझी सून दारू गाळते म्हणून?

११ सप्टेंबर

यांना फोन लावला. बिअरचं सांगितलं नाही. हे गिरणीत होते, पट्ट्याच्या आवाजात निम्मं ऐकू गेलं नसतं तरी ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही ती. गिरणीच्या पाटीवर यांचं नाव आहे, मुरलीधर पिठाची गिरणी. तिची अब्रू घालवायला नको.

मी म्हणलं, पोरं गुणाची आहेत. मी आल्यापासून एकदाही भांडलेली नाहीत. ती त्याला चहा देते, तो थँक्यू म्हणतो. तो तिचं ताट उचलतो, ती सॉरी म्हणते. घरात कुणी थँक्यू म्हणतं का? पण असू दे. फ्रिजमध्ये त्याची फळी वेगळी, तिची वेगळी, कपडे पण आपापले धुतात. राजस छोट्या खोलीत झोपतो, अमेरिकेचे कॉल असतात ना त्याला, तिची झोपमोड नको म्हणून. इतका विचार तर आमच्या वेळी कुणी केला नाही.

हे म्हणाले, गिरणीचे दगड छिन्नीनं टाकवून घ्यायचे का? पीठ जाड येतंय.

मी म्हणलं, घ्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

देवा. काय करून बसले.

सकाळपासून त्या बादलीचा वास. आंबूस, केळ्यासारखा. माझे देव वरच्या खोलीत शेल्फवर ठेवलेत, त्यांच्यापर्यंत वास. मेधा आज ऑफिसला गेलेली. उघडून बघितलं तर नळीतनं फसफस नुसती, फेस पण बाहेर आलेला. गळतेय, म्हणलं. चपात्यांची कणीक मळलेलीच होती. बिर्याणीच्या पातेल्याला लावतात तशी झाकणाच्या कडेनं गोल लावली, चांगली दाबून, आणि ती नळी उपटून भोकात कणकेचा गोळा ठासला. वर खलबत्ता ठेवला. वास बंद. मला बरं वाटलं.

दुपारी आडवी झाले आणि धडाम! मला वाटलं विमान पडलं. वर गेले तर प्रेसचं दार सताड उघडं, झाकण जिन्याच्या मधल्या पायरीवर, खलबत्ता त्याच्याही खाली, आणि छतावरनं फेस टपकतोय. सगळे टॉवेल भिजले. भिंतीवर कणीक.

राजसला फोन केला. नुसती रडत होते, तो घाबरला, आईला काय झालं म्हणून सँडीफोर्डच्या ऑफिसातनं गाडी पळवत आला. मेधाला पण त्यानंच कळवलं. दोघं एकदमच दारात. जिन्यात उभी राहिली आणि वर बघत बसली. मी म्हणलं, आता दोघं मला बोलणार.

राजस म्हणाला, "आई, ही कणीक आहे?"

"मग काय सिमेंट असणार? गळत होती!"

"अगं, गळत नव्हती. आत गॅस होतो, तो बाहेर जायलाच पाहिजे. त्याच्यासाठीच नळी असते. फेस नळीत आला तर नळी काढून धुवायची आणि परत लावायची. बंद नाही करायचं कधी."

आणि मेधा हसायला लागली. म्हणजे जिना धरून. "राजस, चपाती एअरलॉक!" एअरलॉक म्हणजे ती झाकणातली नळी, म्हणे. तो पण हसायला लागला. शिडी आणली, तो वर, ती खाली बादली धरून, एकमेकांच्या अंगावर फेस उडवत छत पुसलं. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. हे दोघं एवढ्या मोठ्यानं हसताना मी आल्यापासून पहिल्यांदा ऐकलं. दारू सांडली म्हणून एवढा आनंद?

१४ सप्टेंबर, रविवार

उरलेलं फेकलं. झाकण उडाल्यावर आत हवा-धूळ गेली, आता ती आंबट होणार, म्हणे. मग दोघांनी सकाळी नव्यानं घातली. मी नाकाला पदर लावून ओट्याशी उभी होते.

धान्याचा वास आला तेव्हा पदर काढला. सातू मोड आणून वाळवलेले. लहानपणी राजसला नाचणीला मोड आणून सत्व करून द्यायचे, तसाच वास अगदी. त्याला म्हणलं, तू हेच खाऊन मोठा झालास. तो म्हणाला, बघ, सवय तूच लावलीस.

आधी सगळं धुतलं. बादली, नळी, चमचा, झाकण, अगदी कात्री पण. कसल्या पावडरीच्या पाण्यात. मेधा म्हणाली, "आई, बिअर बिघडते ना ती दहापैकी नऊ वेळा धुण्यात बिघडते." राजस म्हणाला, "आणि दहाव्या वेळी आईमुळे." मी म्हणलं, गप बस. उकळून गार करून मग यीस्ट. गरमात टाकलं तर मरतं. राजस म्हणाला टाकीला चिकटवून ठेवू नको, मागच्या वेळी केळ्याचा वास त्यानंच आला, जास्त गरम झाली होती. ती म्हणाली मग पुढच्या कडेला ठेवते. तो म्हणाला हां, आणि खाली फळकूट टाक. ती म्हणाली टाकलंय.

सगळी सकाळ बोलत होते. जेवायला बसले आणि परत थँक्यू सुरू.

१७ सप्टेंबर, बुधवार

एक माणूस आला. गळ्यात कॅमेरा. मला वाटलं मीटरवाला. मेधा ऑफिसला. तो "हाऊ आर या" करत सरळ आत. स्वयंपाकघराचे फोटो, बाहेरच्या खोलीचे, बागेचे. मी मागे मागे. वर गेला, मेधाच्या खोलीत, मग छोट्या खोलीत. राजसची गादी विस्कटलेली होती ती त्यानं मला खुणेनं नीट करायला लावली. हॉट प्रेस उघडून बादली बघितली, हसला, अंगठा दाखवला.

राजसला फोन लावला. म्हणलं, हा कोण, घराचे फोटो का काढतोय?

तो म्हणाला, "आई, तो उद्या येणार होता. मेधा असताना."

"पण कोण आहे?"

"आई, संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी मेधानं सांगितलं. राजस खिडकीबाहेर बघत होता. घर विकायचंय. ती लिमरिकला जाणार, तिथं नोकरी मिळालीय. तो सँडीफोर्डला फ्लॅट घेणार भाड्यानं. म्हणजे वेगळे. म्हणजे घटस्फोट, अजून कागद व्हायचेत पण तेच. मी नोव्हेंबरात परत गेले की दोघं मला फोनवर सांगणार होती.

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी विचारलं, कुणी दुसरी आहे?

"नाही गं आई."

"मग दुसरा?"

मेधा म्हणाली, "नाही हो. कुणीच नाही."

"मारतो का तो तुला?"

"आई!" राजस ओरडला.

"मग झालंय काय?"

"काहीच झालं नाही, आई," मेधा म्हणाली. ते ऐकून मला जास्त धक्का बसला. काही झालंच नाही तर घर मोडतं कसं? छोट्या खोलीतली गादी मी तीन आठवडे बघत होते. अमेरिकेचे कॉल! मी आंधळी आहे का मूर्ख?

१८ सप्टेंबर

जेवले नाही. यांना फोन केला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रात्रभर विचार केला. सकाळी उठले तेव्हा ठरलं होतं.

ही दोघं एरवी बोलत नाहीत. बादली बिघडली की बोलतात. छत पुसताना हसले. मग बादली बिघडलीच पाहिजे.

मेधा मीटिंगमध्ये होती. बादली उचलली, कमरेत कळ आली, पण उचलली, आणि मागच्या दाराजवळ फरशीवर नेऊन ठेवली जिथं गार वारा फटीतनं येतो. दार पण किलकिलं केलं. संध्याकाळच्या आत परत जागेवर. विचारलं असतं तर म्हणणार होते टॉवेल घडी करायचे होते. कुणी विचारलं नाही. उद्या परत.

२१ सप्टेंबर, रविवार

बुडबुड थांबली! मेधाचा चेहरा उतरला. "एवढ्यात संपलं कसं?" तिनं राजसच्या खोलीवर टकटक केलं. स्वतःच्या नवऱ्याच्या दारावर टकटक.

तो आला. दोघं हॉट प्रेससमोर जमिनीवर मांडी घालून. काचेची एक नळी बिअरमध्ये तरंगत सोडतात, आकडे असतात तिच्यावर. साखर किती उरली ते कळतं. भरपूर उरली होती. राजस म्हणाला, संपलं नाही, अडकलंय. थंडी लागली असणार, यीस्ट झोपलं. बुडबुड थांबली म्हणजे झाली असं समजायचं नाही, ती आकड्यांची नळी बघायची. ती म्हणाली, पण प्रेसमध्ये थंडी कशी? तो म्हणाला, पाणी तापवायचा टायमर चेक केलास? ती म्हणाली, सकाळीच केला. तो म्हणाला, मग गूढ आहे. मी चहा ठेवायला गेले.

उपाय म्हणजे जागा ऊबदार करायची, बादलीला जुनं ब्लँकेट गुंडाळायचं आणि ती हलकेच गोल फिरवायची, म्हणजे तळाला बसलेलं उठतं. उघडून ढवळायचं नाही, हवा जाते. दोघांनी दोन बाजूंनी धरून फिरवली. जात्यासारखी. एकमेकांच्या समोर, गुडघ्याला गुडघा.

मी चहाचे तीन कप नेले तर मेधा सांगत होती लॉकडाऊनमध्ये पहिली कशी आंबट झाली आणि राजसनं कशी शेजाऱ्यांना लेमन बिअर म्हणून दिली. तो म्हणाला, "यू वेअर मॉर्टिफाइड, लाजेनं मेली होतीस नुसती." दोघं हसली.

चालतंय, म्हणलं.

२ ऑक्टोबर

दसरा. बुडबुड परत सुरू झाली, मग आपोआप मंद झाली. काचेच्या नळीवरचा आकडा सलग सारखा आला की बाटल्या भरायच्या. त्याच्या आधी भरायच्या नाहीत. शनिवारी भरणार म्हणे. घर बघायला लोक येऊन गेले. एका बाईनं माझ्या देवांचा फोटो काढला.

यांचा फोन. राजसशी बोलायचं म्हणाले. मी म्हणलं, झोपलाय. दगड टाकवून आले, पीठ आता मऊ येतंय, म्हणाले. मी म्हणलं, बरं झालं.

४ ऑक्टोबर, शनिवार

बाटल्या. रांगेनं उभ्या. राजस नळीनं भरतो, मेधा प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर टाकते, मी पुसते. साखर कशाला विचारलं. ती म्हणाली, बूच लावल्यावर आत थोडा गॅस व्हायला पाहिजे, म्हणून. फेस त्यानंच येतो.

ही शेवटची बॅच, असं राजस म्हणाला. सहज म्हणाला. मेधा पण हो म्हणाली. शेवटची कशी? उत्तम झालीय म्हणे, आजवरची सगळ्यात चांगली. म्हणजे आता बिघडणार नाही, म्हणजे आता बोलणार नाहीत.

झाकणं दाबायचं यंत्र गाडीत राहिलं होतं. दोघं ते आणायला बाहेर गेली. मी साखरेचा डबा घेतला आणि भरभर, दिसेल त्या बाटलीत चमचा, आणखी चमचा. सगळ्या झाल्या नाहीत, पाऊल वाजलं. गोड ढाण होईल. गोड झाली की कुणाला आवडणार नाही. आवडली नाही की परत करायला बसतील. घराचा व्यवहार व्हायला डिसेंबर उजाडेल, तोवर वेळ आहे.

देवासमोर दिवा लावताना हात जोडवेनात. पण मी चोरी थोडीच केली? साखरच घातली.

११ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला बसले. आधी पाणी प्याले.

दुपारी जेवत होतो. मेधा आवरून वर गेली, अंघोळीला. राजस भात कालवत सहज सांगत होता, त्याच्या ऑफिसातला एकजण घरी बिअर करतो, त्याच्या शेडमध्ये बाटल्या फुटल्या. साखर जास्त झाली होती. काच लाकडी फळीत रुतून बसली, म्हणाला. "बॉम्बच असतो आई. बंद बाटली, यीस्ट खात राहतं, गॅस जाणार कुठे?"

मी विचारलं, "साखर किती जास्त?"

"दुप्पट पुरे होते."

"आणि पाच-सहा पट?"

त्याचा घास हातातच राहिला. "आई, का विचारतेस?"

बाटल्या हॉट प्रेसमध्ये होत्या. ऊबेत. टॉवेलांच्या खाली. आणि मेधा अंघोळीला गेली होती.

मी खुर्ची पाडून ओरडले, "मेधा! प्रेस उघडू नको! उघडू नको गं!"

राजस जिन्याकडे धावला. ती वर उभी, हात दाराच्या मुठीवर. "काय झालं?" म्हणाली, आणि तेवढ्यात आत फट्ट झालं. मग काचेचा खळखळाट. मग दुसरी. राजसनं दोन उड्यांत जिना चढून तिला ओढलं आणि दोघं बाथरूमच्या दारात पडली. तिसरी फुटली. दाराच्या खालनं फेस यायला लागला.

मी जिन्याच्या तळाशी. मी हिचा डोळा घालवला असता. हिचा गळा चिरला असता. आणखी एक श्वास उशीर झाला असता तर.

"मीच घातली," मी म्हणलं. "साखर मी घातली. बादली पण मीच गारठ्यात ठेवली होती."

राजस उठून बसला. त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "मुद्दाम?"

"तुम्ही बोलता म्हणून. ती बिघडली की तुम्ही बोलता."

"आई, तिचा डोळा गेला असता!"

"माहितीय."

"काय माहितीय? तुला काय माहितीय!"

मेधा भिंतीला टेकून बसली होती. तोंडावर दोन्ही हात. मला वाटलं रडतेय. बघितलं तर हसत होती, आणि रडत पण होती. म्हणाली, "राजस, थांब. आधी हीटिंग बंद कर."

मग दोघं कामाला लागली. टाकी बंद, घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या. थंड झालं की आतला गॅस शांत होतो. दार उघडायची घाई नाही. वाट बघितली, चहा पण झाला. मग राजसनं सायकलचं हेल्मेट आणि बर्फातलं जाकीट घातलं, मेधानं पोहण्याचा चष्मा आणि ओव्हनचे हातमोजे. दार एकदम उघडलं नाही, रजई पुढे धरून हळू. रजईतच गुंडाळून एकेक बाटली बागेत नेली, गवतावर, थंडीत. मग टॉवेल घालून झाकण जरासं सैल करायचं, फुस्स झालं की थांबायचं, परत जरासं. हातात धरून वर वाकायचं नाही. तो करत होता, ती टॉवेल धरत होती. "वेट." "ओके." "नाऊ." "घे." एक बाटली झाकण काढताच कारंज्यासारखी उडाली, शेजारच्या कुंपणापलीकडे. शेजारची बाई खिडकीत आली. "ग्रँड?" म्हणून विचारलं. दोघं एकदम म्हणाली, "ग्रँड!"

माझ्या हातावर फेस उडाला होता. चाटला. कडू, कारल्यासारखा, आणि वर गोड ढाण. माणसं हे पैसे देऊन पितात?

दोघं भिजलेली, धापा टाकत, एका बाकावर बसली. तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. मी म्हणलं, जमलं. देवानं ऐकलं.

१२ ऑक्टोबर

जमलं नाही.

मेधा आणि मी हॉट प्रेसमधल्या टॉवेलांतनं काचा वेचत होतो. मी म्हणलं, काल बघितलं मी. आता तरी ते लिमरिकचं रद्द कर.

ती म्हणाली, "आई, ते नेहमी असंच होतं. एकत्र काम करायचं म्हटलं की आम्ही बेस्ट आहोत. काम संपलं की काहीच नसतं. वर्षं झाली. बिअर पण त्याच्यासाठीच चालू ठेवली होती मी. तुमच्यासारखीच."

"काम जमतं तर राहायला काय झालं? मी आणि हे तीस वर्षं गिरणी चालवतोय. आमचं काय मोडलं?"

तिनं एक काच उचलून वर्तमानपत्रात ठेवली. उद्धटपणा नव्हता तिच्या आवाजात, खरंच विचारत होती. "तुम्ही दोघं काय बोलता, आई? गिरणीचं सोडून?"

मी टॉवेल उचलला.

आठवत बसले. टॉवेल झटकत होते आणि आठवत होते. राजसची शाळा. ते पण फी भरायची का, एवढंच. माझं ऑपरेशन झालं तेव्हा हे आले, म्हणाले, पट्टा तुटलाय, कुठला आणू? मी पलंगावरनं सांगितलं कुठला आणायचा.

मी मेधाला म्हणलं, हात सांभाळ, बारीक काच आहे.

नागपूरची तिची आई आता फोन उचलत नाही. हे पण आज कळलं. घटस्फोटाचं ऐकल्यापासून. पोरीनं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

गाडी भरली. मेधाचे खोके, कपडे, एक खुर्ची. राजसनं सगळं बाहेर आणून दिलं. तिनं थँक्यू म्हणलं.

मी माझी बॅग आणली आणि पुढच्या सीटवर बसले.

राजस काचेपाशी आला. "आई, तू कुठे?"

"हिच्याबरोबर."

"म्हणजे सोडायला?"

"राहायला. व्हिसा संपेपर्यंत."

"पण तू माझ्याकडे आलीयेस."

"आले होते."

त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं उतरावं. लहानपणी शाळेच्या फाटकात सोडलं की असाच व्हायचा. पण मी उतरले नाही. म्हणलं, "तुला दोन हात आहेत, ऑफिस आहे, मित्र आहेत, मी उद्या फोन करीन. हिला तिथं खोके उघडायला कोण आहे? आणि ज्या दाराच्या मागे काच फुटली ते दार ही उघडणार होती. तू नाही."

मेधा स्टिअरिंग धरून नुसती बघत होती. तिलाही माहीत नव्हतं. म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?"

"लोक ग्रँड म्हणतील. चल."

ती गाडी सुरू करायचं विसरली. राजसच म्हणाला, चल, उशीर होईल, मोटारवेवर वारा आहे. मग त्यानं दार उघडून मला मिठी मारली, बेल्टसकट. तिला पण हात दाखवला. आरशात तो दिसत होता, बराच वेळ दारातच.



२१ ऑक्टोबर

आज लक्ष्मीपूजन. लिमरिकच्या खोलीत खोक्यावर लक्ष्मी मांडली. मेधा ऑफिसातनं लवकर आली. साबणासारख्या वासाची मेणबत्ती लावली, पणत्या कुठल्या खोक्यात आहेत ते सापडलं नाही.

यांना फोन केला. आधी तेच सांगितलं, आडपडदा न ठेवता. पोरं वेगळी होतायत. मी मेधाकडे आहे.

हे म्हणाले, "मेधाकडे म्हणजे राजसकडेच ना?"

"नाही. मेधाकडे."

"उर्मिला, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? पोराला टाकून सुनेकडे?"

मी म्हणलं ठिकाणावर आहे. मग हे बरंच बोलले. लोक, नातेवाईक, व्याही, आपली चूक, तिची चूक. मी ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाही, हे माझ्या स्वभावात नाही तरी. यांचं बोलून झालं. मग हे म्हणाले, बरं, दिवाळीत गिरणी किती दिवस बंद ठेवायची?

मी म्हणलं, "गिरणी राहू द्या. मला एक सांगा. तीस वर्षांत गिरणी सोडून आपण काय बोललो? एक तरी आठवतंय का तुम्हाला?"

आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला. कानापासून काढून बघितला तर सेकंदांचे आकडे पुढे पळत होते. मी परत कानाला लावला आणि थांबले.